करडीच्या तळ्यावरचा भुरका चतुर

हे मी आजवर कोणाले बोलली नाही. सख्ख्या बहिणीलेही नाही. तुमाले सांगून राहिली — काहून, ते मले नका विचारू.

आमचे मास्तर — म्हणजे माहे घरवाले, करडीच्या शाळेत शिकवत — चतुर किड्यायचे भारी वेडे. पंख पसरून बसते तो चतुर, मिटून बसते ती टाचणी, हे मले लग्नानंतर त्यायनंच शिकवलं. लाल नर तळ्याकाठी बेशरमाच्या झुडपाच्या काडीवर बसते, दुसरा आला का हाकलते अन् फिरून त्याच काडीवर येते. मादी शेपटीचं टोक पाण्याले लावत अंडे घालते. ते सांगत बसले का माही भाजी करपे, पण त्यायले थांबवावं असं कधी वाटलं नाही. असा गोड माणूस, बाप्पा!

एकोणीसशे ऐंशीच्या आगेमागे एका संध्याकाळी त्यायले तळ्यावर एक भुरका, मातकट रंगाचा चतुर मेलेला सापडला. कंदिलात पाहून ओळख पटेना. सकाळी साबणाच्या डबीत ठेवून शाळेत गेले. झाडझूड करतानी डबी माह्या हातून पडली. शेपूट पायाखाली आलं — चुरा झाला. मंग मी काय केलं? आंगणातल्या तारेवरचा दुसरा चतुर धरला, त्याचं शेपूट तोडलं अन् भाताच्या शितानं चिकटवलं. वाटलं, संध्याकाळी सांगीन, दोघंही हासू.

संध्याकाळी मास्तरांनी भिंग लावलं अन् नाचायचेच बाकी राहिले. हे पट्टे काल कंदिलात दिसलेच नाही, म्हणे. ही तं नवीनच जात! एवढे खुश — कशी सांगू? भेकडच मी. उलट त्या आनंदात पोहे केले.

वरठी टेशनावरून गाडी धरून ते नागपूरले गेले, एका प्राध्यापकाकडे. त्या साहेबानं चिमटा लावला, शेपूट निघून आलं. मले फसवाले आले का, असं कॉलेजच्या पोरांसमोर विचारलं त्यायले.

परत आले ते ओट्यावर बसूनच राहिले. मंग म्हणाले, "घरात तू अन् मी. तू तं असं करणार नाही. म्हणजे मीच केलं असन — अन् मले आठवत नाही."

मी म्हटलं, "थकले तुमी. जेवून घ्या जी."

तळ्यावर जाणं सुटलं. कडी लावली का, हजेरी घेतली का — साऱ्यातच त्यायले शंका. स्वतःवरचा भरवसाच गेला. अन् मी? मी कडी दाखवून देई, बस.

मास्तरांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. हे एकट्या मले माहीत होतं.