बारा नंबरचा पत्रा

आमची गल्ली अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, आणि हेच तिचं दुर्दैव. नरसोबाची वाडी, जोतिबा आणि अंबाबाई एका दिवसात उरकायला निघालेले लोक आमच्या दारांत गाड्या लावून खुशाल निघून जायचे. घरातल्या माणसांनी अंग चोरून बाहेर पडायचं. कुणाला बोललं तर वर ऐकवणार, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?" सगळ्यांत जास्त पंचाईत व्हायची ती झुंबरबाईची.

तिच्याकडं एकच म्हैस. नवरा गुंडू गेल्यावर त्या म्हशीच्या जिवावर तिनं दोन पोरी उजवल्या. परड्यातली म्हैस सकाळ-संध्याकाळ पुढच्या दारात आणून बांधायची आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत धार काढायची. दुधाच्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकर कुणाच्या शब्दावर जात नाही. तांब्या घेऊन समोर उभं राहायचं आणि फेसासकट दूध घरी न्यायचं. म्हैसही अशी हट्टी, की त्याच दारात पान्हा सोडणार. चार हात पलीकडं बांधली की दूध चोरायची. त्यामुळं संध्याकाळी दारात परकी गाडी दिसली की झुंबरबाईचा आवाज देवळाच्या महाद्वारापर्यंत जायचा. "कुणाची हाय ही डबडी? काढताय का म्हस आत बसवू?"

१९८२ साली गल्लीच्या मंडळानं ठरवलं, बास झालं. गल्लीच्या तोंडाशी दोन पिंपं आडवी ठेवायची, आणि गल्लीत ज्याची गाडी असेल त्याला नंबर टाकलेला रहिवाशाचा पत्रा द्यायचा. पत्रा असेल तीच गाडी आत. मी चिटणीस होतो. नबीलाल पेंटरनं तीन मोटारी आणि आठ स्कुटरी-लुना मिळून अकरा पत्रे रंगवले. बैठकीत झुंबरबाई येऊन उभी राहिली.

"सयाजी, माझ्या म्हशीला पण एक पत्रा दे."

"आक्का, त्यो गाड्यांना हाय. म्हशीला कुठला नंबर?"

"हितंच जल्मली, हितंच खाती. ही रहिवासी न्हाय तर कोण हाय?"

लोक पोट धरून हसले. नबीलाल तेवढा हसला नाही. त्यानं उरलेल्या पत्र्यावर बारा नंबर टाकून तिला दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो पत्रा म्हशीच्या गळ्यात! माझं डोकंच फिरलं. मंडळाची चेष्टा चालली आहे असं वाटून मी स्वतः जाऊन पत्रा सोडवून आणला. वर मोठा तोरा, "नियम म्हंजे नियम, आक्का. तुझ्या दारात कोण गाडी लावतंय ते मी बघतो."

दोन महिने गल्ली मोकळी होती, हे खोटं नाही.

मग एका शुक्रवारी माझा मेव्हणा जोतीराम गारगोटीहून जीप घेऊन दर्शनाला आला. त्याला पिंपांजवळ अडवलं. "माझ्या भावाला रस्त्यावर उभा करतासा?" बायकोनं एवढंच विचारलं. मी कपाटातून बारा नंबरचा पत्रा काढला आणि जीपला लावला. गल्लीत मोकळी जागा एकच होती. जोतीराम जीप तिथं लावून, किल्ली खिशात घालून देवळाकडं गेला.

पाच वाजता झुंबरबाई म्हैस घेऊन आली. तिनं जीप पाहिली, पत्रा पाहिला, आणि म्हैस नेऊन पुढच्या विजेच्या खांबाला बांधली. आंबोण ठेवलं, पाठ थोपटली, कासेवर कोमट पाणी मारलं. दहा-बारा माणसं तांब्या घेऊन ताटकळत होती. म्हशीनं थेंब दिला नाही. एकेक जण रिकामा तांब्या घेऊन परत गेला.

ती मला शिव्या घालेल म्हणून मी तयारीत होतो. पण ती हळू बोलली.

"म्हशीला नंबर न्हाय म्हणालास. पावण्याला कुठनं आला रं?"

"आक्का, आजच्या दिवस..."

"व्हय की," म्हणाली आणि म्हैस सोडून घेऊन गेली.

आजचा दिवस कसला! चिटणिसाच्या मेव्हण्याला चालतं, तर आमच्या व्याह्याला का नाही? जो तो हेच विचारत पत्रा मागायला लागला. नबीलालनं आणखी पत्रे रंगवायला साफ नकार दिला, तर लोकांनी दुसरीकडून रंगवून आणले. दिवाळीपर्यंत साठ पत्रे झाले. गल्ली पुन्हा तुंबली, उलट पहिल्यापेक्षा वाईट झालं. आधी झुंबरबाई त्या गाड्यांना शिव्या तरी देऊ शकायची. आता प्रत्येक गाडी शेजारच्या कुणाच्या तरी पावण्याची. पावण्याला गाडी काढा म्हणायचं कसं? रतीब एकेक करून तुटले. संक्रांतीनंतर तिनं म्हैस वडणग्याच्या एका माणसाला विकली. मी चिटणीसपद सोडलं. त्यानं तिचं काय भलं होणार होतं?

परवा पुण्याची एक अँबेसिडर तिच्या घरापुढं थांबली. झुंबरबाई उंबऱ्यावर बसली होती. चालवणारा माणूस सभ्य होता, काच खाली करून त्यानं विचारलं, "मावशी, इथं गाडी लावली तर चालेल ना? राहणाऱ्यांची अडचण नको व्हायला."

मी माझ्या दारातून ऐकत होतो. आता तिनं उठावं, महाद्वारापर्यंत ऐकू जाईल असं ओरडावं, असं मला अगदी पोटातून वाटत होतं.

"लावा की पावणं," ती म्हणाली. "हितं कोण ऱ्हातंय?"