अडीच मिनिटांचं बेरियम

सरांच्या निवृत्ती समारंभाची पत्रिका हातात घेतली आणि सांगलीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेतला, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या तापलेल्या काउंटरवरच्या धुळीचा वास नाकात शिरला. बेरियमचा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते काढायचं होतं. जेमतेम अडीच मिनिटांचा खेळ. बाकीचे पुस्तकातलं उत्तर धरून उलटे आकडे भरायचे आणि सर डोळे झाकून सही करायचे. मी आधी दहा मिनिटं काउंटर रिकामाच चालवला, कारण आसपासचा किरणोत्सर्ग वजा केल्याशिवाय उत्तर अचूक येत नाही. "नमुना न ठेवता काय मोजतीस गं? तुझ्या बापाच्या कुपवाडच्या लेथवरच बरी होतीस," सर खेकसले. मी बेरियमच्या द्रवाचा थेंब काउंटरखाली ठेवला. ते समोर उभं राहून बोलतच होते, मी दर अर्ध्या मिनिटाला आकडा टिपत होते. उत्तर पुस्तकाशी सेकंदापर्यंत जुळलं. "उतरवलंस!" म्हणत त्यांनी अख्ख्या पानावर लाल रेघ ओढली. "सर, तुमच्यासमोरच मोजलं की." "मी तुझ्याकडं बघत होतो, आकड्यांकडं न्हाई." पत्रिकेसोबत चिठ्ठी आहे: माजी विद्यार्थिनी म्हणून सरांविषयी दोन शब्द बोला. जाणार आहे. लाल रेघेनंतरचं त्यांचं तेवढं एकच वाक्य माइकवर म्हणून खाली बसणार आहे.