मशीन म्हणालं, हाडं भक्कम

"चादर बदला. मासळीचा वास बसलाय."

मी अजून टेबलावरून पुरती उतरलेही नव्हते. एक हात कमरेवर, एक पाय जमिनीवर. डॉक्टर नर्सला म्हणाले. मला नाही. मी तिथं नव्हतेच जणू.

मी थळ गावची कोळीण. लग्न झाल्यापासून डोक्यावर पाटी. सरंगा चांगला गावला की पहिला याच डॉक्टरांच्या घरी. त्यांच्या बाईंच्या बाळंतपणात पथ्याची मासळी म्हणून मुडदुशा मीच पोचवल्या. त्या घरची मी आपली, असं मला वाटायचं.

त्या वर्षी पाठ इतकी दुखायची की सुकट वाळत घालायला वाकता येईना. म्हणून हाडांची घनता मोजायच्या मशीनवर झोपले. डॉक्टरांनी आकडा बघितला.

"मणके भक्कम आहेत तुझे. काम टाळायला पाठ बरी सापडते तुम्हा लोकांना."

"डॉक्टर, मी बुटकी झालेय. लुगडं खाली लोळतं."

"वय झालं. जा."

सून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. घरी मुलगा म्हणाला, "आये, मशीन खोटा बोलंल का?"

मी पाटी उचलली. आठवडाभरात बंदरावर वाकले ती तिथंच बसले. पाठीत काहीतरी कडकन गेलं.

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं पाठीचा एक्स-रे काढला. "मावशी, मणके दबलेत. एक आत्ताचा. दोन जुने."

"मग मशीन भक्कम कसं म्हणालं?"

"दबलेलं हाड कमी जागेत ठासून बसतं. मशीनला ते दाट दिसतं. वयानं मणक्याला वाढलेलं जादा हाडही त्यात मोजलं जातं. म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नसतं. खुब्याचं हाड बघायचं, उंची घटली का विचारायचं. तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं होतं.

रडू आलं नाही. अंग तापलं. मशीनला डोळे नसतात. याला होते. यानं माझ्या हातची मासळी खाल्ली होती.

कमरेला पट्टा बांधून, एक्स-रे घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेले. दवाखाना भरलेला. डॉक्टर हसले. "मशीनचं होतं असं कधीकधी. बस, गोळ्या देतो." आतल्या घरातून त्यांच्या बाई म्हणाल्या, "ये गं, चहा घे."

"च्या नको," मी म्हटलं. "मी बुटकी झाले, तुमाला सांगितला व्हता. तुमी आयकला न्हाय. चूक झाली म्हना. हितंच. सगल्यांसमोर."

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या घरी माझी मासळी पुन्हा गेली नाही. पाटी तर सुटलीच. मणके काही उभे राहायचे नाहीत.

आता कोळीवाड्यात कुणा बाईची पाठ दुखली की मी सोबत जाते. डॉक्टर कुणीही असो, समोरच्या खुर्चीत बसते. म्हणते, हिची उंची मोजा. पाठीचा एक्स-रे काढा. आधी हिचं ऐका, मग आकडा सांगा.

बाहेर थांबा म्हणतात. मी थांबत नाही.