लांबलेला फुलोरा

सुलेखा चौबळ दापोलीला कृषी विद्यापीठात एम.एस्सी. झाली आणि लग्नानंतर, २००३ साली, जर्मनीत एर्लांगेनला आली. नवरा अनिमेष तिथेच सॉफ्टवेअरमध्ये होता. तिला जवळच्या एका छोट्या संशोधन संस्थेत पीएच.डी.ची जागा मिळाली. विषय घरी सांगायची मात्र पंचाईत होती, कारण तिचं काम भांगेच्या झाडांवर होतं. जात नशेची नव्हती, कापडासाठी धागा देणारी होती. तरी चिपळूणला सासऱ्यांना तिने "तागासारखंच एक झाड आहे, बाबा" एवढंच सांगितलं.

ही जात इतर भांगेसारखी फुलायला दिवस लहान होण्याची वाट पाहत नसे. ठरावीक वय झालं की आपोआप फुलायची, आणि फुलली की उंची थांबायची, धागा आखूड राहायचा. संप्रेरकं फवारून तिचा फुलोरा लांबवता येईल, अशी प्रोफेसर ब्रेनर यांची कल्पना होती. निवृत्तीआधीचा तो त्यांचा शेवटचा प्रकल्प.

दुसऱ्या हिवाळ्यात फवारलेली झाडं साध्या झाडांपेक्षा बरीच उशिरा फुलली. ब्रेनर यांच्या बायकोने संस्थेत केक पाठवला. सुलेखाने एका परिषदेत निबंध वाचला, आणि तो छापायलाही गेला.

त्यानंतर एका सकाळी ती काचघरात कुंड्या हलवत होती. तोल जाऊन तिने भिंतीलगतचा गरम पाण्याचा पाइप धरला, तर तो गारठलेला. दुसऱ्या टोकाचा पाइप चांगला तापलेला होता. फवारा इतर झाडांवर उडू नये म्हणून तिने फवारलेली सगळी झाडं याच गार टोकाला ठेवली होती.

संध्याकाळी ती अनिमेषला म्हणाली, "झाडं नुसत्या थंडीने उशिरा फुलली असतील."

"असतील. पण निबंध छापून येतोय ना? मग आता कशाला उकरून काढतेस?"

"खरं काय ते कळायला नको?"

"थीसिस झाल्यावर कळू दे."

तिने ऐकलं नाही. कुंड्यांची सरमिसळ करून तिने प्रयोग पुन्हा लावला. या खेपेला सगळी झाडं बरोबरच फुलली. फवारलेली तेवढी किडकिडीत वाढली होती, त्यांना काठ्या बांधाव्या लागल्या.

ब्रेनर काचघरात आले. बराच वेळ त्या काठ्या लावलेल्या झाडांकडे बघत राहिले.

"असं आहे तर," ते म्हणाले, "हे आधी का नाही पाहिलंस?"

"पाहायला हवं होतं."

"मीही पाहायला हवं होतं," ते म्हणाले. पण ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

निबंध त्यांनी स्वतः मागे घेतला. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. ब्रेनर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना हा विषय नको होता. नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करण्याचं बळ सुलेखात उरलं नव्हतं. शेवटची झाडं तिने स्वतः उपटून तुकडे करणाऱ्या यंत्रात घातली, हातमोजे धुतले आणि किल्ली परत केली.

पुढे तिला पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. काम बरं होतं. सासरे फोनवर विचारायचे, "डॉक्टर कधी होणार आमची सून?" सुरुवातीला ती काहीतरी सांगायची. मग अनिमेषच फोन घेऊन बोलणं बदलू लागला. त्याने तिला कधी टोचून बोलून दाखवलं नाही, पण त्या संध्याकाळचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

काही वर्षांनी एर्लांगेनच्या स्टेशनवर तिला ब्रेनर दिसले. खूप वाळले होते. तिने जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांना ओळख पटायला वेळ लागला.

"बरी आहेस?" त्यांनी विचारलं.

"हो, बरी आहे."

त्यांना आणखी काही विचारायचं होतं, असं तिला वाटलं. तेवढ्यात न्यूर्नबेर्गची गाडी आली. त्यांनी टोपीला हात लावला आणि दाराचा दांडा धरून सावकाश डब्यात चढले.