टिंबसाहेबांची उलटी आज्ञा

टिंबसाहेब कधी कुणाचं बोलणं तोडत नसत. समोरच्याचं संपलं तरी आणखी थोडं थांबत, न जाणो काही राहिलं असेल. नाव मात्र त्यांना संगणकावरून पडलं. काळ्या पडद्यावर एक हिरवं टिंब यायचं आणि आपण आज्ञा टाइप करेपर्यंत नुसतं वाट पाहायचं. साहेब दिवसभर त्याच्यासमोर.

खालापूरकडच्या आमच्या कारखान्यात संगणक आला, तेव्हा स्टोअरच्या मालाच्या नोंदीचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला. त्याआधी आठवडाभर ते स्टोअरच्या खिडकीशी स्टूल टाकून बसले होते, लोक माल कसा मागतात ते ऐकत. लोक म्हणत, "दोन बेअरिंग द्या." म्हणून माल देण्याच्या आज्ञेत आधी नग, मग वस्तूचा नंबर. 'इश्यू २ १७' म्हणजे सतरा नंबरच्या बेअरिंगचे दोन नग. खिडकीवर माल देणारे, चौक गावचे धोंडूमामा जेमतेम चौथी शिकलेले, पण दोन दिवसांत तयार झाले. एका बोटानं टाइप करायचे, नजर पडद्याऐवजी रॅकवर.

मी कर्जतहून साहेबांच्या हाताखाली नवी लागले आणि मला ते खटकलं. बाकी सगळ्या आज्ञांत वस्तूचा नंबर आधी, हिच्यातच उलटं! नवी माणसं रोज चुकत. साहेब रजेवर असताना मी क्रम बदलला, खिडकीवर सूचना चिकटवली आणि स्वतःवर फार खूश झाले. मामांनीही सूचना वाचून मान डोलावली. त्यांच्या बोटानं ती वाचली नव्हती.

चार दिवसांनी कारखान्यातलं एक मशीन बेअरिंगवाचून अडलं. पडद्यावर सतरा नंबरचे सहा नग शिल्लक, रॅक रिकामा. मॅनेजर तापले. मामांना यार्डात पोती उचलायला पाठवायचं ठरवूनच त्यांनी आम्हाला बोलावलं.

"सायब, मी रोजच्यावानीच मारलं," मामा मॅनेजरना म्हणाले. "यार्डात नका धाडू. गुडघं ऱ्हायलं नाय माजं."

त्याच सकाळी रजेवरून आलेले साहेब म्हणाले, "मामांनी नेहमीचंच टाइप केलंय. बदल दुसरीकडे झालाय." आणि थांबले. बदल करणारी म्हणून माझं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. ते थांबणं मला सोसेना.

"क्रम मी बदलला. 'इश्यू २ १७'नं आता दोन नंबरच्या वस्तूचे सतरा नग कमी होतात," मी म्हणाले. बोलणी मी खाल्ली, मामा स्टोअरमध्येच राहिले.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "तुझं खरं होतं गं. आज्ञा उलटीच आहे. पण नव्या रीतीला नवं नाव द्यावं. जुन्या नावाखाली रीत बदलली की माणूस फसतो."

दुपारी आम्ही दुसरी आज्ञा लिहिली. वस्तूचा नंबर आधी, आणि नोंदीपूर्वी वस्तूचं नाव दाखवून 'बरोबर?' असं विचारणारी. नवे तीच शिकले. मामांसाठी जुनी पुन्हा पहिल्यासारखी केली.

"दोन्ही कायम ठेवायच्या?" मी विचारलं.

"छे! अडगळीचा नव्यांना त्रास होतो. मामा निवृत्त होतील त्या संध्याकाळी काढून टाक. आधी नको."

ती संध्याकाळ बघायला साहेब राहिले नाहीत. वर्षभर आधीच कळंबला, आपल्या घरी वारले. मामांच्या निरोपाच्या दिवशी शेवटची नोंद मी त्यांनाच करायला सांगितली. एक बोट, नजर रॅकवर. मग म्हणाले, "सायब पायजे होते आज."

मामा घरी गेल्यावर मी जुनी आज्ञा काढली. खात्रीसाठी 'इश्यू २ १७' टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं, अशी आज्ञा नाही. साहेबांनी सांगितलं तेच मी केलं होतं, तरी रडू आवरेना. खाली टिंब परत आलं होतं आणि वाट पाहत होतं.