स्पीकरच्या काठाला करडईचं तेल

माझी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. गाळप सुरू झालं की उसाच्या गाड्या रात्रंदिवस येत राहतात. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक, हंगामभर एवढंच. रात्रपाळी करून सकाळी घरी आलो तरी मिटल्या डोळ्यांपुढं काट्यावरचे लाल आकडे दिसत राहतात. मागच्या हंगामात झोपेच्या त्याच वेळेत मी जुने स्पीकर दुरुस्त करत बसलो. मला गाण्याची हौस नाही. कारण निराळं होतं.

वडलांचे कान जात चालले होते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं. जन्मतारीख शाळेत मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली, म्हणून नेमका आकडा सांगत नाही. सोलापूरला कानाच्या डॉक्टरांनी तपासून एक आलेख हातात दिला. जाड आवाजांच्या बाजूला रेघ बऱ्यापैकी वर होती, बारीक आवाजांकडं जाता जाता ती घसरत पार तळाला गेली होती.

"बारीक आवाज गेलेच आहेत," डॉक्टर म्हणाले. "जाड अजून ऐकू येतात. पण तेही कमी होत जाणार."

"किती दिवसांत?"

"ते सांगता येत नाही."

कानाचं मशीन घेतलं. ते आबांच्या बंडीच्या खिशात असतं. "कानात भुंगा शिरल्यागत व्हतंय," एवढं म्हणून त्यांनी ते काढलं, ते आजतागायत.

घरी आल्यावर मात्र त्यांनी एक गोष्ट मागितली, आणि मागायची त्यांना सवय नाही. "तुझ्या तात्याचा पखवाज एकदा ऐकव. आजून जाड ऐकू येतंय म्हनतोय न्हवं डागदर, तवर."

तात्या म्हणजे माझे चुलते, आबांचे धाकटे भाऊ. ते काही वर्षं सौदीला गाडी चालवायला होते. परत आले तेव्हा दोन मोठे स्पीकर आणि कॅसेटचा डेक घेऊन आले. त्यांच्या स्वतःच्या घरात पत्र्याखाली जागा नव्हती, म्हणून सामान आमच्याकडं ठेवलं. "दादा, नीट सांभाळ," एवढंच आबांना सांगितलं. गावच्या भजनात पखवाज तात्यांचाच असायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तिच्यामुळं त्या बाजूचा आवाज जाड येतो. ती कणीक किती लावायची यावरून दोघा भावांचं दर एकादशीला वाजायचं. आबांना पखवाज वाजवता येत नव्हता, पण कणकेबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. अशाच एका एकादशीला कुणीतरी भजन कॅसेटवर घेतलं. तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा हात त्या एका कॅसेटमध्येच आहे.

मी आधी सोपा उपाय केला. कॅसेट धाराशिवला नेऊन मोबाइलवर उतरवून आणली. आबांनी फोन कानाला लावला, दुसऱ्या कानाला लावला, मग माझ्याकडं परत दिला.

"लांब कोनतरी वरडतंय नुसतं. ह्यात तुझा तात्या कुठं हाय?"

तात्या होते. पण फोनच्या बटणाएवढ्या स्पीकरमधून पखवाजाचा डावा हात बाहेर पडत नाही, आणि आबांना ऐकू येण्यासारखा तेवढाच उरला होता. म्हणून माळ्यावरचे मोठे स्पीकर खाली काढले.

पुढची कापडी जाळी काढली आणि बोट लावलं, तर बोटाला काकवीसारखं काळं चिकट लागलं. आत कागदाचा मोठा शंकू असतो. तो पुढं-मागं हलतो, तोच आवाज. शंकूचा काठ आणि लोखंडी चौकट यांच्या मधे फोमचं गोल कडं असतं; त्याच्यामुळं कागद हलतो, पण जागा सोडत नाही. आमच्या दोन्ही स्पीकरचं ते कडं कुजून गेलं होतं.

धाराशिवच्या दुकानदारानं एक नजर टाकली. "काका, फेकून द्या हे. ब्लूटूथचा घ्या, एवढासा येतो."

"वडलांना यावरच ऐकायचंय."

"मग वडलांना सांगू नका की कशावर लावलंय."

डेकचा पट्टा तेवढा त्यानं बदलून दिला. स्पीकरचं काम करणारा सोलापूरला होता. तो लग्नसराईच्या डीजेत बुडालेला, उन्हाळ्यानंतर या म्हणाला. तेवढी वाट बघायची माझी तयारी नव्हती. म्हणून कडी ऑनलाइन मागवून घरीच बसवायचं ठरवलं.

मागवायची म्हणजे माप हवं. स्पीकर आठ इंची, असं सगळे म्हणतात. पण आठ इंच कुठून कुठपर्यंत, ते कुणी सांगत नाही. बायकोच्या शिवणाच्या टेपनं मोजलं तर शंकू एकशे एक्कावन्न मिलिमीटर भरला, पट्टीनं मोजलं तर एकशे चोपन्न. वजनात असा फरक आला असता तर मी गाडी परत काट्यावर घेतली असती. शेवटी कारखान्याच्या वर्कशॉपमधून, साहेबांना विचारून, अचूक माप घ्यायचा कॅलिपर एका दिवसासाठी आणला. एकशे बावन्न. दोन्ही स्पीकरचं सारखंच. कडी जोडीनंच मिळत होती आणि विकणाऱ्याकडं त्या मापाची शेवटची एकच जोडी होती.

ती येईपर्यंत पाळी करून आलो की घासत बसायचो. थिनर, जुनी बनियन, बोथट सुरी. कागद फाटू द्यायचा नाही, चौकट मात्र लख्ख झाली पाहिजे. बायको जाता-येता बघायची.

"मिक्सरचं झाकण तेवढं बघा म्हणून दिवाळीपासून सांगतेय. त्याला न्हाई माप घेतलं तुम्ही."

"बघतो."

"झोपा तरी थोडं. डोळे बघा, इंगळासारखे झालेत."

कडं चिकटवताना शंकू बरोबर मध्यावर राहिला पाहिजे. नाहीतर आतली तारेची गुंडाळी लोहचुंबकाला घासते आणि खरखर येते. त्यासाठी मधली टोपी ब्लेडनं कापून, गुंडाळीच्या आत चारी बाजूंनी पातळ पट्ट्या खोचतात. पट्ट्यांना सगळीकडं सारख्या जाडीचं, ताठ असं काहीतरी हवं होतं. कपाटात आबांच्या गुडघ्यांचा जुना एक्स-रे सापडला. जाडी बरोबर बसली.

आबा खाटेवरून बघत होते. "काय कापतो रं?"

मी मोठ्यानं सांगितलं. "तुमचा एक्स-रे! गुडघ्याचा!"

"काप, काप. नाहीतरी ते गुडघं कुठं कामाला येत्यात."

पहिलं कडं बसवलं. गोंद लावून, वरून कपड्यांचे चिमटे आणि डाळीचे डबे ठेवून, सांगितलंय त्यापेक्षा जास्त वेळ वाळवलं. पट्ट्या काढल्या, दोन्ही अंगठ्यांनी शंकू हलकाच दाबला, खरखर नव्हती. तारा जोडल्या आणि आवाज हळूहळू वाढवला. थोडा वेळ बरा वाजला. मग फडफड सुरू झाली. बघितलं तर कागदाकडच्या बाजूनं कडं सुटलं होतं, निम्म्याहून जास्त. उचलायला गेलो तर उरलेलं आपसूक हातात आलं, आणि चौकटीच्या बाजूला, जिथं गोंद पक्का धरला होता, तिथं फाटलं.

दोनपैकी एक गेलं. मी जमिनीवर तसाच बसून राहिलो. त्या दिवशी संध्याकाळी परत पाळी होती.

कुठं चुकलं ते समजेना. गोंद तोच, जो सांगितला होता. वेळ जास्तच दिला होता. मग सुटलेला काठ उजेडात धरला. कागदाला काठाच्या बाजूनं पिवळट झाक होती. घासतानाही थिनरला पिवळा रंग येत होता; मी तो स्पीकर बनवताना लावलेल्या जुन्या गोंदाचा समजलो होतो. आता बोटानं चोळून बघितलं तर बोट तेलकट झालं. वास घेतला. हळद.

आबांच्या जवळ जाऊन कानाशी विचारलं, "आबा, ह्याला हळद कुणी लावली?"

"हळद कशाला लावंल कोन? त्याल लावलंय."

"तेल? कशाला?"

"सांभाळ म्हनला व्हता न्हवं तात्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, आबा बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळायचे. मग त्याच तेल-हळदीच्या फडक्यानं घुंगरांचे चामडी पट्टे आणि कासरे पुसून घ्यायचे, म्हणजे वर्षभर तडकत नाहीत. स्पीकरचा तो मऊ काठ त्यांना चामड्यासारखा वाटला होता. म्हणून दर वर्षी पट्टे झाले की शेवटी घरात येऊन, जाळी काढून, दोन्ही स्पीकरच्या काठांवरून करडईच्या तेलाचं ते फडकं फिरवायचे. मला हे कधीच दिसलं नव्हतं; त्या संध्याकाळी मी बहुतेक गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत असायचो. बैल विकल्यावर पट्टेही गेले. तेल मात्र आबांनी चालू ठेवलं, माळ्यावर चढता येत होतं तोवर.

"दोन बोटं लई झाली. जास्ती न्हाय लावलं कधी," ते म्हणाले. मग माझ्या हातातलं फाटकं कडं त्यांनी बघितलं. "म्हंजी म्याच घालवलं व्हय?"

मी आकड्यांचा माणूस आहे, आणि आबांशी खोटं बोलायची मला सवय नाही. "फोम असाही जातोच, आबा. एवढी वर्षं कुणाचाच टिकत नाही. तेलानं थोडा लवकर गेला असेल."

"थोडा म्हंजी किती?"

"ते मला मोजता येणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून पडले. त्या दिवशी जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. मला तेव्हा कळलं, की आता दुसरं कडं सुटलं तर प्रश्न नुसता तात्यांच्या पखवाजाचा राहणार नाही. आबा आपल्याच हातानं भावाची वस्तू घालवली हेच घेऊन बसतील, आणि ऐकून मन दुसरीकडं वळावं असं काही कानापर्यंत पोचणारही नाही.

कागदातलं तेल काढायचं कसं, ते थिनरच्या डब्यावर लिहिलेलं नव्हतं. बायकोनं सांगितलं. "पोथीवर समईचं तेल सांडलं की सासूबाई पानावर पावडर टाकून ठेवायच्या. अंगाला लावायची. दुसऱ्या दिवशी झटकायच्या, परत टाकायच्या."

मी आधी बिघडलेल्या स्पीकरवर करून बघितलं. पावडर टाकायची, मुरू द्यायची, ब्रशनं झाडायची. ती ओलसर, पिवळी होऊन निघायची. मग परत. सात वेळा टाकली तेव्हा कोरडी निघाली. वरून स्पिरिटचा कापूस फिरवला आणि फाटक्या कड्याचा एक तुकडा चिकटवून ओढून बघितला. तुकडा फाटला, पण सुटला नाही. मग चांगल्या स्पीकरवर तेच सगळं, पहिल्यापासून. सगळं घर पावडरीच्या वासानं भरलं. शेजारीण विचारून गेली, घरात बाळ आलंय का म्हणून.

कडं बसवून पक्कं वाळलं त्या रविवारी मला सुट्टी होती. दुपारी स्पीकरचा खोका आबांच्या खाटेला लावून ठेवला. एकच स्पीकर, दुसरा तसाच उघडा, भिंतीशी. आबा उठून बसले. मी कॅसेट घातली.

आधी नुसती सळसळ, मग टाळ, मग कुणीतरी खाकरलं. आबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माझी नजर कड्यावर होती. पखवाज सुरू झाला तसा शंकू पुढं-मागं व्हायला लागला, कडं त्याच्याबरोबर दुमडत, उलगडत राहिलं. फडफड नव्हती. मी आवाज वाढवला. डाव्या हाताची थाप आली की पायाखालची फरशी थरथरलेली कळायची.

आबांनी तळहात खोक्यावर ठेवला. डोळे मिटले. अभंग संपत आला तरी ते बोलले नाहीत, आणि मला वाटलं, उशीर झाला.

मग ते वैतागून म्हणाले, "कनीक कमी लावलीया. सांगितलं व्हतं मी त्याला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी भिंतीला पाठ टेकली, पाय पसरले. तात्या वाजवत होते, आबा मधूनच "बघ, बघ, दबला हात" असं कुणालातरी सांगत होते, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांपुढं लाल आकडे नव्हते.

कुणीतरी गुडघा हलवत होतं. खोलीत शांतता होती, कॅसेटची बाजू संपलेली.

"झोपतो काय लेका," आबा म्हणाले, "पालट की ती."