ओळखीचं पाणी

आप्पा उजवा तळहात छातीसमोर उभा धरायचे आणि म्हणायचे, “थांब. सिग्नल न्हाय अजून.”

दारात दूधवाला असो, गणपतीची वर्गणी मागणारी पोरं असोत, की चहाचा कप घेऊन आलेली त्यांची बायको असो, तळहात तोच. सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झालेली. निवृत्त होताना झेंडे, शिट्टी आणि कंदील त्यांनी जमा केले, पण थांबवायची सवय कुठं जमा करणार? टिळकवाडीतल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत काचेची एक मोठी टाकी होती आणि तिच्यात समुद्र होता. त्या खोलीत पाऊल टाकायला सिग्नल लागायचा.

समुद्र हा शब्द मी उगाच वापरत नाही. गोड्या पाण्यातले सोनेरी मासे तुम्हीही कुणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिले असतील. आप्पांना ते कागदाच्या फुलांसारखे वाटत. त्यांची गाडी लोंड्याहून घाट उतरून वास्कोला जायची आणि परत फिरेपर्यंतचा वेळ ते किनाऱ्यावर घालवायचे. निवृत्तीनंतर त्यांना बेळगावात तेवढंच एक कमी पडलं. म्हणून त्यांनी समुद्र मागवून घेतला. जुने सोबती वास्कोहून येताना प्लास्टिकच्या कॅनमधून खारं पाणी आणत आणि आप्पा ते सायकलला बांधून स्टेशनवरून घरी आणत.

सन ऐंशीच्या सुमारास आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. मी नुकतीच बी.ए. झाले होते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी सगळी कळायची, पण बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. मी खाली मान घालून जिना चढत-उतरत असे. एकदा आप्पांनी तळहात धरला.

“पोरी, विंग्रजी वाचतीस न्हवं?”

मी मान हलवली.

“मग ये. ठेसनाचं विंग्रजी येतंय मला. माशाचं येत न्हाय.”

गोव्यातल्या एका पाद्रीबाबांनी त्यांना समुद्री मासे पाळण्यावरचं एक जाड पुस्तक दिलं होतं. ते मी संध्याकाळी वाचायचे आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगायचे. आप्पा मध्ये बोलत नसत. मी शब्दासाठी अडले की टाकीकडे बघत बसत, जणू तो शब्द तिकडूनच येणार होता.

त्याआधी त्यांचे दोन मासे मेले होते. दोन्ही एंजल जातीचे, दोन्ही आणल्याबरोबर सरळ टाकीत सोडलेले. पुस्तकात लिहिलं होतं की मासा आधी त्याच्याच पाण्यात ठेवायचा आणि त्यात टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं मिसळायचं. हे कसं सांगावं ते मला सुचेना. आप्पांनीच सांगितलं, “म्हंजे पाणी वळखीचं करायचं. पाव्हण्याला एकदम जेवायला बसवत न्हाईत, आधी पाय धुवायला पाणी देत्यात, तसं.”

तिसरा मासा आला तो वास्कोच्या कोळ्यांच्या जाळ्यातला, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून. माझ्या तळहाताएवढा, शाईसारखा निळा-काळा, अंगावर पांढऱ्या वाकड्या रेघा. आप्पांनी तो बादलीत घेतला. ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनची नळी आणली होती. तिचं एक टोक टाकीत, दुसरं बादलीत आणि मध्ये गाठ, म्हणजे थेंब हळू पडावेत. दुपारभर ते स्टुलावर बसून राहिले. शेजारचे वकील डोकावून गेले.

“काय आप्पा, पेशंट कसा आहे?”

आप्पांनी तळहात धरला.

संध्याकाळी मासा टाकीत गेला आणि दगडामागं तोंड फिरवून बसला. मग आप्पा मला म्हणाले, “दोन मारले मी, अडाणीपणानं. हा तितं सुखानं हुता, मी काढून आणला. हाबी गेला तर टाकी मोडतो. पुन्हा नाव काढायचं न्हाय.”

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही म्हणायची. त्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे. आप्पाही खात नसत. पण माशाला कोळंबी लागायची. ती परसात पेरूखाली वेगळ्या फळीवर चिरायची आणि हात साबणानं धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, असा आक्कांचा कायदा होता. माशाचं नावही त्यांनीच ठेवलं.

“जावई न्हाय तर काय? आल्यापासनं कोपऱ्यात रुसून बसलाय. पुढ्यात वाढलं तरी तोंड लावत न्हाय.”

हळूहळू जावई दगडामागून बाहेर येऊ लागला. एका सकाळी त्यानं कोळंबीचा तुकडा तोंडात घेतला, टाकला, पुन्हा घेतला. आप्पांनी मला वरून बोलावून ते दाखवलं आणि इतक्या हलक्या आवाजात बोलले की खोलीत कुणी झोपलंय असं वाटावं.

पुढं आप्पांना जमिनीच्या कामासाठी चिकोडीला जावं लागलं. मुक्काम निपाणीला, लेकीकडं. जाताना आक्कांना म्हणाले, “एका जावयाकडं मी जातो. दुसऱ्याकडं तू बघ. मधी थोडं पाणी बदल, कॅन भरून ठेवलेत.”

परत आले तेव्हा टाकीत माशासोबत ठेवलेले, शंखात राहणारे लहान खेकडे बाहेर येऊन मरून पडले होते. मासा वर तरंगल्यासारखा कोपऱ्यात उभा होता. त्याचे कल्ले भराभर हलत होते. कोळंबी तशीच खाली पडलेली.

आप्पांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मी पानं उलटत गेले. खेकडे आधी मेले आणि मासा धापा टाकतोय, तर पाण्याला कुठं तांबं लागलंय का ते बघा, असं त्यात होतं. समुद्राच्या पाण्यात तांबं उतरतं आणि या जीवांना ते विष असतं. मी ते सांगितलं.

“पुन्हा सांग,” आप्पा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला. त्यांना आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, त्या आपल्या कौतुकानंच सांगत होत्या. “कॅनला कसला वास मारत हुता! प्लास्टिकात कुणी पाणी ठेवतंय व्हय? माझ्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ काढलं, चिंचेनं लख्ख घासलं आन् त्यात भरून ठेवलं. जावयाला काय कमी पडू देऊ?”

मागच्या दारातून घंगाळ दिसत होतं. उन्हात सोन्यासारखं चमकत होतं, तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं बांधलेलं. आप्पांनी जाऊन फडकं बाजूला केलं. आत पाण्याच्या कडेनं हिरवं वर्तुळ उमटलं होतं.

ते परत आले आणि त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला. या वेळी सिग्नलचं नाव नाही.

“हिला न्हाय सांगायचं. मुंग्यांना खायला मिळावं म्हणून पिठाची रांगोळी काढणारी बाई हाय ती. तिच्या हातनं जीव गेला कळलं तर अन्न गोड लागायचं न्हाय तिला. जगला तर मीच सांगीन. मेला तर माझ्या डोक्यावर.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तू बोलत न्हाईस, ते बरं हाय बघ.”

न बोलण्याबद्दल कुणी मला बरं म्हटल्याचं हे पहिलंच.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः वास्कोला जाऊन पाणी घेऊन आले आणि टाकीतलं पाणी रोज थोडं काढून नव्याची धार सोडू लागले. आक्कांना सांगितलं, “पाणी जुनं झालं हुतं.” पण नवं पाणी त्या पुन्हा प्रेमानं घंगाळात ओतणार, हे उघड होतं. तेव्हा आप्पांनी एक हट्ट धरला. यापुढं रोज घंगाळातूनच आंघोळ करणार. सकाळी गरम पाणी त्यात, संध्याकाळी पाय धुवायचे तेही त्यात. घंगाळ रिकामं असं राहीनाच.

आक्कांनी मला जिन्यावर गाठलं. “ह्या वयात नवरदेवागत घंगाळातनं आंघोळ! यांचं डोकं फिरलंय का गं?”

“हो का?” मी म्हटलं, आणि वर पळाले.

मासा मरत नव्हता, पण खातही नव्हता. कोळंबी, शिंपल्यातल्या तिसऱ्या, काहीच नाही. पोट आत गेलं होतं. आप्पा तासन्‌तास स्टुलावर. आक्कांनी त्याचं भलतंच मनावर घेतलं. “यांच्या हातनं खात हुता. मी वाढलं आन् त्याची वासनाच मेली बघ,” असं त्या मला दोनदा म्हणाल्या. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचं ओझं मला नवीन होतं.

एका सकाळी आक्का टाकीजवळ पालक निवडत बसल्या होत्या. आप्पा न्हाणीघरात, मी पेपर परत द्यायला आलेली. आक्का माशाशीच बोलत होत्या. “कोळंबी नको तर नको. ही घे. आमच्यात हीच मिळती.” त्यांनी एक कोवळं पान घेतलं, गजरा बांधावा तसं दोऱ्यानं एका खड्याला बांधलं आणि टाकीत सोडलं. त्यांना अडवायला तळहात नव्हता.

पान खाली गेलं. मासा वळला. जरा पुढं आला, थांबला, पुन्हा पुढं आला. मग त्यानं पानाची कड धरून असा हिसडा दिला की खडा हलला.

“अवो, या!” आक्का ओरडल्या. “आमच्यातलाच निघाला हो जावई! पालक खातोय!”

आप्पा पंचा गुंडाळून, कानांवर साबणाचा फेस तसाच, धावत आले आणि टाकीपुढं उकिडवे बसले. मासा दुसरा हिसडा देत होता. आप्पांनी पंच्याच्या टोकानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. भिजलेलेच होते, त्यामुळं काय पुसलं ते कळलं नाही.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी आक्कांना तांब्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या रडतील. त्या घंगाळाकडे बघत राहिल्या, मग माशाकडे, मग माझ्याकडे.

“हिला म्हाईत हुतं?”

“व्हय.”

“वरच्या पोरीला सांगितलं, आन् मला न्हाय?”

त्यानंतर त्या आप्पांशी बोलेनात. सगळे निरोप माझ्यामार्फत. “त्यांना सांग, चहा ठेवलाय.” “त्यांना इचार, आज तरी साध्या बादलीतनं आंघोळ करणार का?” आणि आप्पांकडून, “तिला सांग, चुकलं.” त्या दिवसांत मी जितकं मराठी बोलले तितकं आधीच्या साऱ्या वर्षांत मिळून बोलले नसेन. शेवटी आक्कांनी स्वतःच तोंड उघडलं, ते माशाची सोमवारची कोळंबी बंद झाल्याचं जाहीर करायला. आप्पांनी हुकूम मुकाट्यानं मानला.

मला कोल्हापूरला नोकरी लागली. सुट्टीत यायची तेव्हा आधी खाली डोकावायची, मग वर घरी. एका खेपेला आप्पा फार वाळलेले दिसले. स्टूल जाऊन त्या जागी हाताची खुर्ची आली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“कोळी म्हणायचे, ही जात वयात आली की पांढऱ्या रेघा टाकून देती. अंग सोनेरी हुतंय, वर निळ्या रेघा येत्यात. पण नीट जगली तर.” त्यांनी नखानं काचेवर दाखवलं. “कल्ल्याच्या वर बघ. सुरुवात झालीया. निळी. दिसली?”

मी वाकून बघितलं. पांढऱ्या रेघाच होत्या. मागं आक्का उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून, हो म्हण अशी हळूच मान डोलावली.

“दिसली, आप्पा,” मी म्हटलं.

“मग झालं,” ते म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले.

त्या थंडीत आप्पा गेले. स्टेशनवरच्या सोबत्यांनी टाकी घेऊन जातो म्हटलं, पण आक्कांनी दिली नाही. कॅन मात्र येत राहिले.

परवा मी गेले तेव्हा पांढरी रेघ नावालाही उरलेली नव्हती. मासा हातभर झालाय, पिकल्या आंब्याच्या रंगाचा, आणि अंगावर गळ्यापासून शेपटीकडे गेलेल्या निळ्या कमानी. दारातूनच दिसतात. कल्ल्याच्या वर एक पूर्ण गोल आहे, बांगडीसारखा. मी काचेवर बोट ठेवून तो बघत राहिले.

आक्का पालकाला दोरा बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तवा तुला काय दिसलं न्हवतं, मला म्हाईत हाय. मलाबी दिसलं न्हवतं.”

मी काचेवरचं बोट मागं घेतलं.

“पर तितंच आलंय की गं,” त्या म्हणाल्या. “यांनी बोट ठेवलं हुतं, अगदी तितंच.”